धुऱ्यावर

बंद जिनिंगच्या गोदामात
ताडपत्रीखाली रुईचा कचरा भरून केलेली आमची गादी.
आयकिडो. गावात कोणी विचारलं तर मी कसरत सांगतो.
सहा महिने मडावी बाईंनी फक्त पडायला शिकवलं.
मी लाईनमन; खांबावरून न पडणं
एवढीच माझी विद्या.

नंतर डोळे मिटून बसायचं.
श्वास मोजत सातावर आलो की दरवेळी
धाकट्याचा चेहरा, आणि धुऱ्यावरची तोडलेली बाभूळ.
"येऊ दे," बाई म्हणत. "वावरातली ढोरं नाहीत ती. हाकलू नको."

काल धुऱ्यावर त्यानं खरंच मनगट धरलं.
घट्ट, लहानपणी जत्रेत धरायचा तसं.
माझा खांदा सैल पडला,
पाय अर्धा गोल फिरला,
आणि आम्ही दोघं एकाच दिशेला बघत उभे.
समोर तूर, पिवळ्या फुलांवर आलेली,
त्याची कुठवर, माझी कुठून,
इथून कळत नव्हतं.

पाडता आलं असतं त्याला.
"ढकलत काहून नाही बे?" तो म्हणाला.
मला काही सुचलं नाही.
मनगट अजून त्याच्याच हातात होतं.