उघाडी

पंपहाऊसच्या भिंतीवर एक नकाशा आहे,
प्लास्टिकमध्ये, कडेला बुरशी धरलेला.
त्यात आमची खाडी म्हणजे एक सरळ निळी रेघ:
नाला क्र. ११.
रुजू झालो त्या दिवशी मी शेजारी
पेन्सिलीने लिहिलं, कालवंडी.
साहेब म्हणाले, हे कुणाचं नाव?
म्हटलं, पाण्याचं.

कालवंडी सरळ कधीच नव्हती.
तळवलीच्या मागून निघायची,
मिठागराला वळसा घालायची, मग उगाचच
पुन्हा गावाकडे,
बाजाराला निघालेली बाई
विसरलेली पिशवी घ्यायला मागे फिरते तशी.

बांध होता, छातीइतका, चिखलाचा,
आणि बांधात उघाडी, ऐनाच्या फळ्यांची.
भरतीने मिटायची, सुकतीला उघडायची.
पोशा म्हात्रे तिचा राखणदार,
वर्षाला दोन मण खाऱ्या भातावर.
उधाणाच्या रात्री तो बांधावरच निजायचा
मातीला कान लावून.
खेकडा भोक पाडतो ते ऐकू येतं म्हणे.
आता करंगळीएवढं,
उजाडेस्तोवर त्यातून बैलगाडी जाईल.

मग मोजणीदार आले. त्यांची साखळी
गुडघाभर रुतली, पोरं हसली.
भाताच्या जमिनीला एक भाव लागला,
खाजणाला त्याहून कमी,
पाण्याला लागलाच नाही.
पंचनाम्यात उघाडीची नोंद सापडते:
फळ्या चार, जुन्या.

मला आठवतं ते त्यानंतरचं.
हायवेपल्याड रंगाचे कारखाने,
आणि आई पाणी बघून वार सांगायची.
जांभळं म्हणजे मंगळवार.
फेस आला की शनिवार, हाफ डे.
एकदा निवटी धरायला उतरलो,
बोटं आठ दिवस पिवळी.
गुरुजी म्हणाले, कुणाच्या हळदीला गेला होतास रे?
त्याच वर्षी हेमलीआतेने
कालवं फोडायची कोयती कौलात खोचली.
घर स्लॅबचं झालं, कोयती
आता मीटरच्या पेटीवर असते.

शहराला बुडायचं नव्हतं.
म्हणून खाडीच्या तोंडाशी तळं खणलं,
भिंत घातली, भिंतीत लोखंडी झडपा:
भरतीने मिटणाऱ्या, सुकतीला उघडणाऱ्या.
पोशाचीच उघाडी,
टेंडर काढलेली.

दोन झडपा भंगारवाल्याने नेल्या.
एक गंजून उघडी राहिली.
तिच्यातून खाडी आत आली, विचारल्याशिवाय,
तिवराच्या बिया घेऊन.
आता तळ्यात जंगल आहे.
गाळ काढायचा तर तिवर तोडावे लागतात,
तिवर तोडायचे तर कोर्ट,
आणि त्या फाईलचं वय
माझ्या मुलीएवढं झालं, ती यंदा दहावीला आहे.
हिवाळ्यात कॅमेरेवाले विचारतात,
रोहित कधी येणार?
निवट्यांचं कुणी विचारत नाही.

गेल्या मार्चमध्ये आते आली,
हातात बॅटरी, दिवसाढवळ्या.
म्हणाली, "पोरा, रातीचा दार नको लावू.
गाबोळीची चिंबोरी आत हाय,
तिला भाईर जावाचा हाय."
मी म्हटलं, आते, सेक्टरमधल्या गाड्या बुडतील.
ती म्हणाली, "भांगाला कंच्या बुडतान?"

हे खरंय. भांगाला पाणी पायरीसुद्धा चढत नाही.

नोंदवहीत रोज रात्री लिहितो:
झडप क्र. ३, गंजलेली, बंद होत नाही.
तिला ग्रीस मीच लावलंय.
उधाणाला लावतो, अगदी वेळेवर,
आणि मग भिंतीला कान लावून बसतो.
काँक्रीटमधून काही ऐकू येत नाही,
पंपाची घरघर तेवढी.

काल आतेने डबा पाठवला.
तीन चिंबोऱ्या, लहान, रस्सा पातळ.
एक फोडली. दुसरी फोडली.
जेवण झाल्यावर बराच वेळ
दिव्याखाली बोटं बघत बसलो.