पहिली चार मिनिटं

मस्कतच्या सभागृहाचा चिलर माझ्या ताब्यात,
अकरा वर्षं.
तालमीच्या दुपारी पोलंडची बोझेना
स्वतःहून उंच डबल बास सावरत म्हणाली,
पहिली चार मिनिटं बंद ठेवा,
आमची सिंफनी फार हळू सुरू होते.

बाहेर सेहेचाळीस अंश.
बटण दाबलं. दिवा विझला.
घरघर चालूच.
दोन-दोन पायऱ्या टाकत तळघरात गेलो:
पट्टा थांबलेला,
सुलैम चहा ओततोय.
आवाज वरून येत होता.
आठ डबल बास, एकच खर्ज,
माझ्या चिलरचाच,
किंचित उतरलेला.

मग त्याला खेटून एक ऋषभ, कोमलहून कोमल,
त्याला खेटून आणखी एक,
बोटभर जागेत वीस सूर
अंग चोरून उभे.
कंडक्टरने हातच खाली सोडले.
ज्याने त्याने आपल्या चालीने वाजवावं
असं कागदावरच लिहिलंय म्हणे.
मत्राच्या धक्क्यावर सुरमई उतरते
तेव्हा असाच गलका;
इथे फक्त भाव कोणी करत नव्हतं.

शेवट झाला का, कळलं नाही.
एक घंटा. तिची शेपटी
व्हायोलिनींनी धरून ठेवली,
बोझेनाच्या हनुवटीवरचा घाम
लाकडावर पडेपर्यंत.

चार मिनिटं कधीच उलटली होती.
कोणी ओरडलं नाही.
मी धावत जाऊन बटण दाबलं.

आता रात्रपाळीत, नोंदवही भरताना,
चिलर तोच सूर लावून बसतो
आणि मी ऋषभाची वाट बघतो.
वहीत तसा रकाना नाही.