कुंडाखालचं कासव

शरणपूरच्या देवळात
बाप्तिस्म्याचं कुंड काळ्या पाषाणाचं.
पाथरवटाचा हात घाटावरच्या कामाला सरावलेला,
पायथ्याशी आपसूक कासव उतरलं.

गोरा पाद्री म्हणे उकिडवा बसून
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, असू दे,
पाण्याचाच जीव आहे.

एलीशाकाका सांगायचे हे,
पितळी दिव्यांना चिंच चोळता चोळता.
खरं-खोटं त्यांचं त्यांना.

पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय.
रंगीत काचेतल्या मेंढपाळाचा एक डोळा पांढरा,
गारपिटीनंतर मेन रोडला
तेवढीच काच मिळाली.

काल रूथबाईंच्या नातीचा बाप्तिस्मा.
तिचा थोरला भाऊ कंटाळून खाली बसला,
कासवाची पाठ चोळत.

गुळगुळीत झालीय ती.
माझाही हात असणार त्यात.