छत्तीस तास

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी टपाल तिकिटांना छिद्रं पाडली.
चित्र दुसऱ्याचं, शाई दुसऱ्याची, डिंक तिसऱ्याचा,
माझ्याकडे फक्त कडा :
कुठून फाटायचं, तेवढं ठरवून द्यायचं.
ओळ केसभर सरकली
तर अख्खा ताव रद्दीत,
मोजून, सहीनिशी.

आता मोज्याचा वळ पोटरीवर
सकाळपर्यंत बुजत नाही.
बोट दाबलं की खड्डा पडतो,
तो किती वेळ राहतो तेही मोजतो मी. सवय.
तीन उशांवर झोपतो.
शिमग्याला एकच होती.

बिटकोजवळच्या दवाखान्यात डॉक्टर गायधनींनी
केसपेपर उलटा करून चित्र काढलं.
"ताजनपुरे, हृदय नुसता पंप नाही हो.
ताणलं गेलं की तेही संप्रेरक सोडतं,
मूत्रपिंडाला कळवतं,
पाणी जाऊ दे, मीठ जाऊ दे, मला झेपत नाही."
म्हणजे पत्र लिहितं, मी म्हटलं.
"लिहितं. पण वाटेत एक विकर बसलंय.
पोचायच्या आत तुकडे करतं."
आणि पेनानं एक कात्री काढली,
वाकडी, एक पातं आखूड.
नावही सांगितलं, नेप्रिलायसिन.
मला वाटलं, देवळाली कॅम्पातल्या
एखाद्या जुन्या बेकरीवाल्या बाईचं असावं.
राग मात्र येईना त्या कात्रीचा.
नोकरी आहे तिची.

आठ महिने घेत होतो ती गोळी दुसऱ्या कात्रीसाठी.
ती ज्याला कापते, ते कापल्यावरच धारदार होतं,
पेन्सिलीसारखं, आणि नसा आवळतं.
तिला बांधलं, दाब उतरला,
पण घशात खवखव उठवणारं काहीतरी
तीच जाता जाता कापून टाकत होती.
ते साठलं.
कोरडा खोकला. कुमुदनं ज्येष्ठमध दिलं,
अडुळसा दिला, कोपऱ्यावरच्या होमिओपॅथचं पाणी दिलं.
जेल रोडच्या आमच्या जिन्यात
पोरं मला खोकल्यावरून ओळखायला लागली.

"हिचं मूळ सापाच्या विषात सापडलं होतं,"
डॉक्टर बोलता बोलता म्हणाल्या, "ब्राझीलमधल्या."
कुमुदनं तेवढंच ऐकलं.

नवी गोळी लिहून दिली.
पण जुनी थांबवल्यावर मध्ये छत्तीस तास
काही घ्यायचं नाही. दोन्ही कात्र्या
एकदम बंद झाल्या तर जीभ सुजते, घसा मिटतो.
शनिवारी रात्री नऊला शेवटची.
सोमवारी सकाळी नऊला पहिली.
मधला रविवार नागपंचमीचा.

कुमुदनं विळी धुऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.
आज घरात चिरायचं नाही, कापायचं नाही,
तवासुद्धा चढवायचा नाही.
पुरणाची दिंडं उकडली, हळदीच्या पानांचा वास
गॅलरीपर्यंत आला.
पाटावर काढलेल्या नागाला तिनं दूध दाखवलं
आणि वाकून काहीतरी पुटपुटली.
गोळीसाठी आभार मानले, की खोकल्याची तक्रार केली,
विचारलं नाही.

वर्षातला एक दिवस घरातली सगळी पाती गप्प,
आणि माझ्या आत दोन्ही सुटलेली,
कामावर हजर,
रविवार असून.

रात्री झोप नव्हती. स्टेशनात गाडी शिरल्याचा भोंगा,
मग बराच वेळ काही नाही.
मी चौथी उशी मागितली.
छातीत कोणीतरी लिहीत होतं, लिहीतच होतं,
पत्ता बरोबर, अक्षर घाईचं,
आणि पत्र पडत होतं पेटीच्या अलीकडेच,
बारीक तुकड्यांनी.
बत्तीस वर्षांत एकदाही
माझ्या मनात आलं नव्हतं
की तिकिटाच्या मागे एक पत्र असतं.

सोमवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी गोळी घेतली.
कुमुदनं विळी खाली घेतली, दोडका चिरला.

गुण यायला दिवस लागतात, डॉक्टर म्हणाल्या होत्या.
खोकला तर महिनाभर रेंगाळेल म्हणाल्या.
वजनकाट्यावर रोज उभा राहतो, वहीत लिहितो.
आकडे अजून काही बोलत नाहीत.

काल रात्री मात्र दोनदा उठलो,
दिवा न लावता, भिंतीला हात लावत,
मोरीपर्यंत.

एखादं पोचलं असावं.