दुरुस्त वय

फॉर्मवर वयाचे रकाने दोन.
पहिल्यात सात महिने.
दुसऱ्यात शाहीनबाईंनी बोटांवर मोजून लिहिलं, साडेचार.
"अकरा आठवडे आधी आली ना ती,
तेवढे तिच्याकडे मागायचे नाहीत."
ह्याला म्हणतात दुरुस्त वय.

मी सातपूरला तपासणीवर.
व्हर्नियर, गेज, पांढरा हातमोजा
आणि टेबलाखाली तीन क्रेट:
पास, पुन्हा मशीनवर, भंगार.
आमच्याकडे एक हाउसिंग निघतं
नऊशे चाळीस ग्रॅमचं.
त्या रात्री काचेच्या दारातून
नर्सने आकडा सांगितला तेव्हा
माझ्या तळहाताला वजन आधी कळलं,
मुलगी नंतर.

पेटीवर चिठ्ठी: यमुना भोये यांचे बाळ.
पेठहून सासू आली, काचेला नाक लावून उभी राहिली,
म्हणाली, नाव काढू नका इतक्यात,
कुणी ऐकेल.
म्हणून आम्ही तिला ग्रॅममध्ये हाक मारायचो.
आठशे सत्तर झाली. नऊशे दहा. पुन्हा नऊशे.
हजार भरले त्या दिवशी यमुना काही बोलली नाही,
माझा दंड तेवढा दुखेपर्यंत धरला.
मग छातीशी घ्यायला दिली, कातडीला कातडी,
दुपारी तीन ते सहा माझी पाळी.
कूलंटचा वास कितीही घासला तरी जायचा नाही.
बापाची ओळख तिला त्या वासाने झाली असणार.

आता सिव्हिलची ही खोली.
फरशीवर निळी गादी, भिंतीवर फिकट पडलेला ससा.
बाईंच्या हातात लाल लोकरीचा गोंडा.
डावीकडे नेला, डोळे गेले.
उजवीकडे नेला, गेले,
मध्ये कुठेतरी पंख्यावर अडकले, पण पोचले.
कानामागे खुळखुळा. मान वळली.
दोन्ही हात धरून हळूच उठवलं,
डोकं जरा मागे राहिलं
आणि मग, आठवल्यासारखं, आलं.
मी श्वास सोडला तो यमुनेला ऐकू गेला.

उजवी मूठ उघडली गोंड्यासाठी.
डावी नाही.
अंगठा आत, वर चार बोटं,
कुणी काही ठेवायला दिल्यासारखी.
बाईंनी पुन्हा पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं.
मी विचारलंच,
"मॅडम, पास का?"
"परीक्षा नाही ही, दादा.
आत्ता दिसलं तर आत्ता हात लावता येतो, एवढंच."
आणि माझा अंगठा धरून शिकवलं
तिचा अंगठा कसा सोडवायचा:
ओढायचा नाही,
मुळाशी गोल फिरवत राहायचं, तीच देईल.

बाहेर बाकावर सिन्नरची एक बाई, मांडीवर जुळी.
एक गोंड्यामागे जातो, म्हणाली,
दुसरा जात नाही.
दुसऱ्याच्या पायात मोजा नव्हता,
ती तो शोधत होती पिशवीत, बाकाखाली,
आम्ही निघालो तरी शोधतच होती.

खिडकीवर नाव विचारलं.
सात महिने कागदावर नुसतं बाळ.
मी यमुनेकडे बघितलं,
ती म्हणाली, लिहा, कणसरी.
कारकुनाने दोनदा विचारलं. ती दोनदा म्हणाली,
दुसऱ्यांदा मोठ्याने.

पुढची तारीख तीन महिन्यांनी.
तेव्हा ती दहाची असेल, म्हणजे साडेसातची.
कॅलेंडरवर दोन्ही लिहिलंय,
एक पेनाने, एक पेन्सिलने.

आज सकाळी एक जॉब मापात जरा कमी आला.
गेज दोनदा लावलं. कमीच.
क्रेटमध्ये टाकला, टाकावाच लागतो,
लोखंडाचं तसंच असतं.

रात्री दिवा घालवला की
मी अंधारात तिची डावी मूठ शोधतो.
अंगठा फिरवत राहतो मुळाशी.
सुटतो. पुन्हा आत जातो.
यमुना झोपेत विचारते, किती वेळा झालं?
मोजलं नाही, म्हणतो.
खरंच मोजत नाही.