लाल क्रेट

रविवारी घसा दुखला. सोमवारी ताप.
बुधवारी उतरला, गुरुवारी शाळा.
काळेपडळच्या दवाखान्यातलं गुलाबी औषध
अर्धं राहिलं, फ्रिजच्या दारात, लोणच्याशेजारी.
मीच म्हटलं, बरा झालाय, कशाला उगाच.

हे वाक्य मी नंतर फार वेळा ऐकलं
माझ्याच आवाजात.

तीन आठवडे गेले.
मग एका मंगळवारी, वरणभाताच्या ताटावर, सव्वाआठला
(वेळ सांगता येते, हेच पुढे महत्त्वाचं ठरलं)
प्रणील म्हणाला, घास खाली जाणार नाही.
उठला, दाराची कडी लावून आला.
काढली, लावली. सात वेळा.
मान एका बाजूला झटकली, कानात माशी शिरल्यासारखी.
रात्री माझा गाऊन मुठीत धरून झोपला, आठ वर्षांचा मुलगा.
"उद्या कंपनीच्या बसमध्ये तू मरशील,"
गृहपाठ सांगावा तसं म्हणाला.

सकाळी आरशात तोच होता. दात घासत होता.
चाळीस मिनिटं.

मी हडपसरच्या वसाहतीत तपासणीला आहे.
दिवसभर हातात व्हर्निअर, पुढ्यात बुशिंगा.
दोन शतांश इकडेतिकडे चालतं,
त्यापलीकडचा नग लाल क्रेटमध्ये.
मला याचा पगार मिळतो.
त्याला कोण देत होतं, कडी तपासायचा पगार?

नणंदेने मीठमिरच्या ओवाळल्या. ठसका लागला नाही,
म्हणजे दृष्ट आहेच, असं तिने ठरवलं.
वर्गाच्या बाई म्हणाल्या, मोबाइल.
सासरे काही म्हणाले नाहीत,
फक्त माझी पाळी किती वाजता सुटते, ते दोनदा विचारलं.
एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं.
दुसरे म्हणाले, हट्ट आहे, लक्ष देऊ नका.
लक्ष देऊ नका!
लक्ष द्यायचेच पैसे घेते मी.

वहीत आधी ळ मोडला.
दोन वेटोळ्यांचं ते अक्षर त्याला सगळ्यांत छान यायचं,
जिलबी म्हणायचा त्याला.
आता नुसती ओढलेली तार.

रास्ता पेठेत, अरुंद जिना चढून, डॉक्टर आगटेबाई.
त्यांनी विचारलं, "याच्या आधी घसा दुखला होता का?"

मला तिथे बसल्या बसल्या फ्रिजचं दार दिसलं.

कापसाची काडी घशात फिरली, रक्त गेलं,
आकडा वाढलेला आला.
"पुण्यात राहता, भाऊसाहेबांचा तोतया माहीत असेल.
हे जंतू तसले. अंगावर आपल्यासारखीच खूण वागवतात.
शिपाई निघतात तोतयाला धरायला
आणि घरच्याच माणसाला बडवतात. इथे, मेंदूत."
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"सगळे डॉक्टर हे मानत नाहीत.
मलाही दरवेळी खात्री नसते. पण सुरुवात करू."

परतताना बसमध्ये आमचं गेज आठवलं,
दिवाळीआधी बिघडलेलं.
एक अख्खी पाळी मी चांगले नग लाल क्रेटमध्ये टाकत होते,
अगदी मन लावून.

औषध या वेळी शेवटच्या थेंबापर्यंत.
शिवाय शनिवारी एक ताई त्याला
कडीला हात न लावता बसून राहायला शिकवतात.
तो घामाघूम होतो.
मी बाहेर लोकांच्या चपला मोजते.

साताचं पाच झालं.
माघात वर्गात कुणीतरी खोकलं, पाचाचं नऊ.
मग कधीतरी तीन.
ळ परत आला, एक वेटोळं मोठं, एक बारकं.

काल रात्री त्याने कडी लावली, एकदा, आणि वळला.
"आई, तू मोजत होतीस?"
"नाही रे."
"ओठ हलत होते तुझे."