बेतकी शाखेचं इतिवृत्त

वही माशेलच्या बाजारातली, दोनशे पानी, लाल कापडी कण्याची.
पहिल्या पानावर माझं अक्षर, साल त्रेसष्ट:
"आज रोजी तुळशीदास पाडेल्याच्या पडवीत
एकवीस इसम हजर. अध्यक्षस्थानी कोणी नाही."
खुर्ची एकच होती. तिच्यावर कंदील ठेवलेला.

त्या रात्री सगळे बोलले कोंकणीत,
भांडले कोंकणीत,
फटी रडला तोही कोंकणीतच,
आणि मी लिहीत गेलो मराठीत,
कारण लिहायचं ते मराठीत, आरती म्हणायची तशी.
फटी म्हणाला, "पावती जाय रे, पावती!
बापायन खंड दिलो, हांवें खंड दिलो,
पावती मागली जाल्यार भाटकार म्हणटा, पळोवया."
मी लिहिलं: "कुळांस खंडाची पावती मिळावी,
ठराव सर्वानुमते संमत."
त्याचा ओरडा ओळीत मावला नाही,
पण मावल्यासारखा दिसला.
पक्ष म्हणजे तेव्हा एवढंच होतं.

शाणू रंगाऱ्याने तळीजवळच्या भिंतीवर सिंह काढला.
सिंह त्याने पाहिला नव्हता, गावात कुणीच नव्हता पाहिला.
मिशा मांजराच्या, डोळे भाटकाराचे.
मतं पडली त्यालाच.

पान एकोणीस: विलीनीकरण.
फुलावर शिक्का मारा, म्हणत दारोदार फिरलो.
फटीची सत्यवती चुलीपासून न उठता विचारायची,
"थंय गेल्यार आमच्या माडांचें कितें?"
मी उत्तर दिलं नाही. भाषण दिलं.
दोन पानं जिंकली.
आणि अडीच महिन्यांत त्याच लोकांनी
सिंहाला पुन्हा निवडून दिलं.
त्या दिवशीचं पान कोरं आहे.
लोकांना आम्ही हवे होतो,
आमचं स्वप्न नको होतं,
हे ठरावाच्या भाषेत कसं लिहितात?

मग गोठ्याशेजारी शाळा आली, पहिलीची मराठी बाकं.
कायदा आला.
एक-चौदाच्या उताऱ्यावर फटीचं नाव आलं.
त्याने कागद देवापुढे ठेवून फुलं वाहिली,
वाचून मात्र नातीकडून घेतला.

विलीनीकरण हा शब्द चाळिसाव्या पानानंतर सापडत नाही.
कुठल्या बैठकीत काढला, शोधलं.
कुणी काढलाच नव्हता.
फाटक्या गोणीतून सुपारी गळावी तसा
वाटेत कुठेतरी गेला.
भाषेच्या वादाच्या साली मराठीसाठी घसा फोडला,
आणि घसा सुकल्यावर
हाक मारली ती "उदक दी गे" अशी.

मग आमदार गेले. आधी एका गाडीत मावले तेवढे,
मग दुसरी गाडी आली.
ज्यांच्याविरुद्ध बत्तीस ठराव, त्यांच्याशी युती,
ती मोडली, दुसऱ्यांशी युती.
"धोरणात्मक" हा शब्द मी तेव्हा शिकलो.
एकदा चुकून "धारणात्मक" लिहिला, कुणाला कळलं नाही.

काल तालुक्याहून मंदार आला, पक्षाचा नवा पोरगा,
बुटांना चिखल नाही.
म्हणाला, नावातला पहिला शब्द आता कशाला, आजोबा?
मी म्हटलं, असू दे.
घरावर बापाचं नाव असतं,
म्हणून बाप घरात असतो असं नाही.
त्याने ते फोनवर टिपून घेतलं.

तो गेल्यावर मागच्या खोल्यांतला प्रफुल्ल उभा राहिला,
ओडिशाचा, कारखान्याच्या पाळीवरून आलेला.
पाच वर्षं भाडं देतोय, एक तारीख चुकवत नाही.
म्हणाला, "अंकल, भाड्याची रसीद दोगे?
बच्चे का स्कूल मांग रहा है."
मी चष्मा पुसला.
"पळोवया," म्हणालो.
त्याला शब्द कळला नाही, पण तो परत फिरला.

रात्री वही काढली. तीन पानं उरली आहेत.
लिहिलं:
"आज रोजी माझ्या पडवीत
दोन इसम हजर."
खुर्ची एकच होती.
तिच्यावर मी.